संचालक चार देशांत, कंपनी कोणत्या देशाची?

मे २००६ ते २०१२ अखेर या काळात 'अ‍ॅपल ऑपरेशन्स इंटरनॅशनल' या कंपनीच्या संचालक मंडळाच्या ३३ बैठका झाल्या. कंपनीची नोंदणी आयर्लंडमधली. मात्र यांपैकी ३२ बैठका अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील क्युपर्टिनो येथे भरल्या. तीन संचालकांपैकी दोघे कॅलिफोर्नियाचे रहिवासी होते. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या एकमेव संचालकाने अवघ्या सात बैठकांत भाग घेतला आणि त्यांतल्याही सहा बैठकांत दूरध्वनीवरून. अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने मे २०१३ मध्ये हा तपशील उजेडात आणला, तेव्हा त्यातून निघालेला निष्कर्ष अधिकच चक्रावून टाकणारा होता. २००९ ते २०१२ या चार वर्षांत सुमारे ३० अब्ज डॉलरचे निव्वळ उत्पन्न मिळविणारी ही कंपनी करापुरती कोणत्याच देशाची रहिवासी नव्हती!

हे घडले कसे? आयर्लंडचा कायदा त्या वेळी कंपनीचे व्यवस्थापन आणि नियंत्रण कोठून होते हे पाहत असे. ते आयर्लंडमधून होत नव्हते. अमेरिकेचा कायदा कंपनीची नोंदणी कोठे झाली एवढेच पाहतो. ती अमेरिकेत झालेली नव्हती. दोन कायद्यांच्या सांध्यात जी फट राहिली, तिच्यातून अब्जावधी डॉलर निसटले आणि एकाही कायद्याचा अक्षरशः भंग झाला नाही. पुढे आयर्लंडने २०१५ पासून आपल्याकडे नोंदल्या जाणाऱ्या कंपन्यांना निवासी मानण्याचा नियम केला आणि जुन्या कंपन्यांना २०२० अखेरपर्यंत मुदत दिली. फट बुजविली गेली. पण तिने उभा केलेला प्रश्न मात्र संपलेला नाही. संचालक निरनिराळ्या देशांत राहत असतील, तर कंपनी 'राहते' कोठे?

हा प्रश्न केवळ अमेरिकी महाकंपन्यांचा नाही. पुण्यात सॉफ्टवेअर तयार करणारी आणि सिंगापूरमध्ये उपकंपनी थाटणारी मध्यम कंपनी, मुंबईतून चालणारी आणि दुबईत व्यापारी शाखा नोंदविणारी घराण्याची पेढी, गुंतवणूकदारांच्या आग्रहाने अमेरिकेतील डेलावेअर राज्यात नोंदणी केलेला नवउद्योग, या साऱ्यांच्या संचालक मंडळांत एक जण येथे, दुसरा तेथे, तिसरा आणखी कोठे, असे चित्र आता नित्याचे झाले आहे. १९६१च्या प्राप्तिकर कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने २०२५ मध्ये संमत केला आणि त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. परदेशी कंपनीचे करनिवासीपण ठरविण्याची कसोटी या नव्या कायद्यातही तीच राहिली आहे. म्हणूनच ती कसोटी नेमकी काय मागते आणि कोठे अपुरी पडते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

हिरे आफ्रिकेत, निर्णय लंडनमध्ये

या कसोटीचे मूळ शंभराहून अधिक वर्षे मागे जाते. 'डी बीअर्स कन्सॉलिडेटेड माइन्स' ही कंपनी दक्षिण आफ्रिकेत नोंदलेली. तिच्या हिऱ्यांच्या खाणी तेथे, मुख्य कचेरी किंबर्ली येथे आणि भागधारकांच्या सभाही तेथेच. मात्र बहुसंख्य संचालक इंग्लंडमध्ये राहत आणि हिरे कोणाला, कोणत्या अटींवर विकायचे, खाणींचा विकास कसा करायचा, नफ्याचे काय करायचे, हे महत्त्वाचे निर्णय लंडनमधील बैठकांत होत. ब्रिटिश उमरावांच्या सभागृहाने १९०६ मध्ये निकाल दिला, की कंपनीचे मध्यवर्ती व्यवस्थापन आणि नियंत्रण जेथे प्रत्यक्षात नांदते तेथे ती राहते. सबब डी बीअर्स ही ब्रिटनची करदाती ठरली. पाटी कोठे लागली आहे याला महत्त्व नाही, सूत्रे कोठून हलतात याला आहे, हे तत्त्व येथून रूढ झाले.

१९५९ मध्ये याच सभागृहापुढे आलेले 'युनिट कन्स्ट्रक्शन' प्रकरण आणखी बोलके होते. केनियात नोंदलेल्या तीन उपकंपन्यांच्या नियमावलीनुसार संचालकांच्या बैठका ब्रिटनबाहेरच व्हायला हव्या होत्या. प्रत्यक्षात स्थानिक संचालक बाजूला राहिले आणि लंडनमधील मूळ कंपनीच कारभार पाहू लागली. नियमावलीत काय लिहिले आहे यापेक्षा प्रत्यक्षात काय घडले हे पाहिले जाईल, असे सांगून सभागृहाने त्या कंपन्या ब्रिटनच्या रहिवासी ठरविल्या.

एका शब्दाची पळवाट

भारतीय कायद्याने हेच तत्त्व स्वीकारले. पण त्याला एक शब्द असा जोडला की तत्त्वच निष्प्रभ झाले. १९६१च्या कायद्यातील जुन्या तरतुदीनुसार परदेशी कंपनीच्या कारभाराचे नियंत्रण आणि व्यवस्थापन त्या वर्षात 'संपूर्णपणे' भारतात असेल, तरच ती निवासी ठरे. साहजिकच, वर्षातून एखादी बैठक परदेशात भरविली की 'संपूर्णपणे' या शब्दाची पूर्तता होत नसे. नाव परदेशी, निर्णय भारतातले आणि कर मात्र दोहोंपैकी जेथे कमी तेथला, अशी सोय त्यामुळे झाली.

तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी २०१५च्या अर्थसंकल्पात ही पळवाट बंद केली. कंपनीचा एकंदर व्यवसाय चालविण्यासाठी आवश्यक असलेले प्रमुख व्यवस्थापकीय आणि व्यापारी निर्णय वस्तुतः जेथे घेतले जातात, ते 'प्रभावी व्यवस्थापनाचे स्थान' भारतात असेल तर परदेशी कंपनीही निवासी मानली जाईल, अशी नवी व्याख्या आली. मूळ विधेयकात हे स्थान 'वर्षात कधीही' भारतात असले तरी पुरे, असे शब्द होते. म्हणजे पूर्वी एक बैठक बाहेर भरविली की सुटका होई, आता एक बैठक येथे भरविली की अडकले, असा लंबक दुसऱ्या टोकाला जाण्याची भीती होती. विधेयक संमत होताना ते शब्द गळले. तरीही उद्योगजगताची धास्ती कायम राहिल्याने तरतुदीचा अंमल पुढे ढकलला गेला आणि ती २०१७-१८ या कर-आकारणी वर्षापासून लागू झाली.

कसोटीचे दोन रस्ते

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २४ जानेवारी २०१७ रोजी या तरतुदीसाठी मार्गदर्शक परिपत्रक काढले. त्यात कंपन्यांची दोन गटांत विभागणी आहे. पहिला गट भारताबाहेर खरोखरीचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांचा. निष्क्रिय उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून अधिक नाही आणि मालमत्ता, कर्मचारी व वेतनखर्च यांचा भारतातील वाटा प्रत्येकी ५० टक्क्यांहून कमी आहे, अशा कंपनीच्या संचालक मंडळाच्या बहुसंख्य बैठका भारताबाहेर झाल्या असतील तर तिचे व्यवस्थापनही बाहेरच आहे, असे गृहीत धरले जाते. अपवाद एकच. मंडळ नावापुरते असून खरे अधिकार भारतातील मूळ कंपनी किंवा अन्य कोणी वापरत असेल, तर हे गृहीतक टिकत नाही.

येथे 'निष्क्रिय उत्पन्न' या शब्दाकडे बारकाईने पाहायला हवे. व्याज, लाभांश, भाडे, स्वामित्वधन आणि भांडवली नफा तर त्यात येतातच. शिवाय आपल्याच समूहातील कंपन्यांकडून माल घेऊन समूहातीलच कंपन्यांना विकल्यास ते उत्पन्नही निष्क्रिय मानले जाते. म्हणजे दुबईतील गोदाम, ट्रक आणि माणसे खरी असली, तरी खरेदीदार व विक्रेता दोन्ही घरचेच असतील तर कंपनी पहिल्या गटातून बाहेर पडू शकते.

उरलेल्या कंपन्यांसाठी दुसरा रस्ता दोन पायऱ्यांचा आहे. आधी प्रमुख निर्णय प्रत्यक्षात घेणाऱ्या व्यक्ती कोण ते ओळखायचे. मग त्यांनी ते निर्णय कोठे घेतले ते शोधायचे. निर्णयाची अंमलबजावणी कोठे झाली याला दुय्यम स्थान. कंपनीची मालकी शंभर टक्के भारतीय आहे किंवा एक-दोन संचालक भारतात राहतात, एवढ्यावरून तिला निवासी ठरविता येणार नाही, असा दिलासाही परिपत्रकाने दिला आहे. एका वर्षात ५० कोटी रुपये किंवा त्याहून कमी उलाढाल असलेल्या कंपन्यांना फेब्रुवारी २०१७ मध्ये या कसोटीतून वगळण्यात आले. चौकशी सुरू करण्यापूर्वी कर-निर्धारण अधिकाऱ्याने वरिष्ठांची परवानगी घ्यावी आणि अंतिम निष्कर्षाला तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या समितीची मान्यता असावी, असाही दंडक घालण्यात आला.

सहीचे संचालक

या कसोटीचा खरा रोख कोणावर आहे, हे दोन निकालांवरून स्पष्ट होते. पहिला ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने नोव्हेंबर २०१६ मध्ये दिलेला 'बायवॉटर' प्रकरणातील. बहामा, सामोआ आणि ब्रिटनमध्ये नोंदलेल्या या कंपन्यांचे संचालक परदेशांत होते. काहींचा कारभार कागदोपत्री स्वित्झर्लंडमधून चालत असे. ऑस्ट्रेलियातील शेअर बाजारात व्यवहार करून मिळविलेल्या नफ्यावर तेथे कर लागू नये, असा त्यांचा दावा. न्यायालयाने पुरावा तपासला तेव्हा सारे महत्त्वाचे निर्णय सिडनीतील एक हिशेबतज्ज्ञ घेत असल्याचे आणि परदेशातील संचालक त्यावर निव्वळ सह्या करीत असल्याचे आढळले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशी त्या संचालकांची गत होती. कंपन्या ऑस्ट्रेलियाच्या निवासी ठरल्या.

दुसरा निकाल भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा, एप्रिल २०२३ मधला. 'मानसरोवर कमर्शियल' व इतर कंपन्या सिक्कीममध्ये तेथील स्थानिक कायद्याखाली नोंदलेल्या होत्या. भारताचा प्राप्तिकर कायदा सिक्कीमला लागू झाला तो १९९० मध्ये; वाद त्याआधीच्या तीन कर-आकारणी वर्षांचा, १९८७-८८ ते १९८९-९०चा होता. त्यामुळे देशाच्याच एका राज्यातील कंपन्यांना परदेशी कंपन्यांसारखी कसोटी लावण्याची वेळ आली. कंपन्यांचे संचालक नावापुरते असून नियंत्रणाची सूत्रे दिल्लीतील एका सनदी लेखापालाच्या कचेरीत असल्याचा निष्कर्ष न्यायालयाने कायम केला आणि कंपन्यांचे करनिवासीपण दिल्लीशी जोडले गेले. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. जुन्या 'संपूर्णपणे' या कठोर शब्दाखालीही उघड देखावा टिकला नाही, ही पहिली. आणि वाद निकाली निघायला तीन दशकांहून अधिक काळ लागला, ही दुसरी.

मात्र नाण्याला दुसरी बाजूही आहे. सल्ला देणे आणि हुकूम सोडणे यांत फरक आहे. ब्रिटनच्या अपील न्यायालयाने २००६ मध्ये 'वुड विरुद्ध होल्डन' या खटल्यात तो स्पष्ट केला. नेदरलँड्समधील कंपनीच्या संचालकांनी ब्रिटनमधील सल्लागारांनी आखलेली योजना मान्य केली होती. परंतु कागद वाचून, विचार करून सही करण्याचा आणि प्रसंगी नकार देण्याचा अधिकार त्यांच्याकडे शाबूत होता. कोणी तो हिरावून घेतला नव्हता. त्यामुळे कंपनी नेदरलँड्सचीच राहिली. मूळ कंपनीने उपकंपनीला दिशा दाखविणे हे स्वाभाविक आहे. उपकंपनीच्या मंडळाच्या हातून लेखणी काढून घेणे वेगळे. कज्जे उभे राहतात ते नेमके या सीमारेषेवर.

पडद्यावरची बैठक

डी बीअर्सच्या काळात ही सीमारेषा निदान नकाशावर दाखविता येत असे. संचालक आगबोटीने येत, एका टेबलाभोवती बसत आणि निर्णय त्या खोलीत होई. आज चार संचालक चार शहरांत आपापल्या संगणकासमोर बसतात. बैठक कोणत्या देशात झाली म्हणायची? जो निमंत्रण धाडतो त्याच्या, अध्यक्ष बसला आहे त्याच्या, की बहुसंख्य बसले आहेत त्यांच्या?

मार्च २०२० मध्ये करोनामुळे विमाने थांबली आणि अनेक संचालक आपल्या घरच्या देशात अडकून पडले, तेव्हा हा प्रश्न एकाएकी साऱ्या जगापुढे आला. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने एप्रिल २०२० मध्ये, अशा असाधारण व तात्पुरत्या बदलामुळे कंपनीचे करनिवासीपण बदलण्याची शक्यता नाही, असे मत दिले. पण साथ ओसरली तरी पडद्यावरची बैठक राहिलीच. अपवाद होता तो नियम झाला.

सिंगापूरच्या कर प्रशासनाने यावर व्यवहार्य तोड काढली आहे. व्यूहात्मक निर्णयांचा अधिकार असलेल्या संचालकांपैकी किमान ५० टक्के संचालक किंवा मंडळाचा अध्यक्ष बैठकीच्या वेळी सिंगापूरमध्ये प्रत्यक्ष हजर असेल, तर त्या दूरस्थ बैठकीतील निर्णय सिंगापूरमध्ये झाले असे तेथे मानले जाते. नियम परिपूर्ण आहे असे नाही. पण कंपनीला बैठकीआधीच आपण कोठे उभे आहोत हे कळते.

भारताच्या परिपत्रकातही या शक्यतेची दखल आहे. दूरध्वनी वा दृक्‌श्राव्य माध्यमामुळे बैठकीची जागा आणि निर्णयाची जागा एकच असेल असे नाही. अशा वेळी निर्णय घेणारे संचालक किंवा त्यांच्यातील बहुसंख्य लोक सामान्यतः जेथे राहतात ते ठिकाणही विचारात घेतले जाऊ शकते, असे ते सांगते. अडचण 'जाऊ शकते' या शब्दांत आहे. चार संचालकांपैकी दोघे पुण्यात, एक सिंगापुरात, एक लंडनमध्ये असेल तर काय? पुण्याचे दोघे बैठकीच्या दिवशी विमानाने सिंगापूरला गेले तर निवासाला वजन किती आणि हजेरीला किती? याचे उत्तर परिपत्रक अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडते आणि तो विवेक काही वर्षांनी, कर-निर्धारणाच्या वेळी वापरला जातो.

पणाला काय लागते?

या अनिश्चिततेची किंमत आकड्यांत मांडता येते. कल्पनेतील एक उदाहरण घेऊ. दुबईत नोंदलेल्या एका कंपनीला १०० कोटी रुपये नफा झाला. संयुक्त अरब अमिरातीत २०२३ पासून कंपन्यांवर ९ टक्के कर लागू झाला; म्हणजे तेथे सुमारे ९ कोटी भरावे लागतील. याच कंपनीचे प्रभावी व्यवस्थापन भारतात असल्याचे ठरले, तर तिचे जगभरातील उत्पन्न भारतात करपात्र होते. शिवाय निवासी ठरली तरी ती कायद्याच्या लेखी 'परदेशी कंपनी'च राहते आणि तिला परदेशी कंपनीचाच दर लागतो. तो २०२४ मध्ये ४० वरून ३५ टक्क्यांवर आला; अधिभार व उपकर धरून या उत्पन्नावर सुमारे ३८.२२ टक्के होतो. दुबईत भरलेल्या ९ कोटींची वजावट मिळाली तरी जवळपास २९ कोटींचा फरक उरतो. सवलतीच्या दराचा पर्याय घेणारी देशी कंपनी अधिभार-उपकरासह सुमारे २५.१७ टक्के भरते. म्हणजे जिचे सारे सूत्रचालन भारतीय आहे म्हणून तिला निवासी ठरविले, त्याच कंपनीला भारतीय कंपनीचा दर मात्र नाकारला जातो. या विसंगतीचे समर्थन करणे कठीण आहे.

दुसरा धोका अ‍ॅपलच्या उदाहरणाच्या नेमका उलट आहे. तेथे एकही देश कंपनीला आपली म्हणत नव्हता. येथे दोन देश एकाच कंपनीवर हक्क सांगू शकतात. डेलावेअरमध्ये नोंदलेली कंपनी अमेरिकेच्या दृष्टीने अमेरिकी असतेच. तिचे निर्णय पुण्यात होत असतील तर भारताच्या दृष्टीने ती भारतातही निवासी ठरू शकते. दुहेरी करआकारणी टाळण्याच्या अनेक करारांत असा तंटा प्रभावी व्यवस्थापनाच्या स्थानावरून सोडविला जाई. परंतु आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१७ मध्ये आपल्या नमुना करारात बदल केला. आता अशा प्रकरणी दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी परस्पर संमतीने निर्णय करावा आणि एकमत न झाल्यास, ते जेवढ्यापुरते मान्य करतील तेवढे वगळता कंपनीला कराराचा लाभ मिळू नये, असे त्यात म्हटले आहे. मोठ्या समूहांजवळ असे तंटे वर्षानुवर्षे लढविण्याची ताकद असते; मध्यम कंपनीजवळ ती नसते. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे.

काय व्हायला हवे?

२०१५ची दुरुस्ती आवश्यक होती, यात शंका नाही. सहीपुरते संचालक नेमून कर चुकविण्याच्या उद्योगाला आळा घालण्याचा अधिकार कोणत्याही सार्वभौम देशाला आहे. परंतु या कसोटीला माणसाळविणाऱ्या साऱ्या गोष्टी, म्हणजे ५० कोटींची मर्यादा, सक्रिय व्यवसायाचे गृहीतक आणि तीन अधिकाऱ्यांची समिती, या कायद्याच्या मजकुरात नसून परिपत्रकांत आहेत. जे परिपत्रकाने दिले ते परिपत्रकाने काढूनही घेता येते. नवा कायदा लिहिताना निदान मर्यादा आणि समिती यांना कायद्यात स्थान देता आले असते. दूरस्थ बैठकींसाठी सिंगापूरच्या धर्तीवर स्पष्ट नियम करणे हेही अवघड नाही. त्याने महसूल बुडणार नाही. देखावा करणाऱ्यांना 'वस्तुतः निर्णय कोठे झाला' हा प्रश्न तरीही विचारता येईलच.

कंपन्यांनीही हे केवळ कर-सल्लागाराचे काम मानून चालणार नाही. बैठकीचे इतिवृत्त आधीच टंकलिखित करून सह्यांसाठी फिरविणाऱ्या मंडळाला न्यायालयात सांगण्यासारखे काही उरत नाही. कोणता प्रस्ताव आला, कोणी काय विचारले, कोणी नकार दिला, निर्णयाच्या वेळी कोण कोठे होते, याची खरी नोंद हाच अशा प्रकरणी उपयोगी पडणारा पुरावा असतो. परदेशातील संचालकाला व्यवसायातले कळत असावे, त्याच्यापुढे आकडे वेळेवर ठेवले जावेत आणि 'नाही' म्हणण्याचा त्याला खरोखर हक्क असावा. तसे असेल तर कंपनीचे तेथील वास्तव्य सिद्ध करणे अवघड जाणार नाही.

१९०६ मध्ये न्यायाधीशांनी कंपनीला माणसाप्रमाणे 'राहते घर' असते असे मानले आणि ते शोधण्यासाठी तिच्या मेंदूचा ठाव घेतला. तो मेंदू आज चार देशांत विखुरला असला तरी निर्णय कोणीतरी, कोठेतरी घेतच असतो. तो शोधण्याचा अधिकार सरकारला आहेच. पण तो कोणत्या खुणांवरून शोधला जाईल, हे आधी कळण्याचा हक्क प्रामाणिक करदात्यालाही असायला हवा.